बँकेचं शटर अचानक खाली आलं तर? दुकानदाराने आधीच करून ठेवायची तयारी



"मॅडम, आमच्या गल्लीतली बँकेची शाखा बंद झाली. दारावर फक्त एक कागद चिकटवलाय. आमचे पैसे बुडाले का?" असा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच. या विषयावरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. व्हिडिओत आकडे पटापट निघून जातात, म्हणून इथे सगळं नीट लिहून ठेवते. वाचताना वही-पेन जवळ असू द्या.

आधी माझं सांगते, कारण मी हे पुस्तकात वाचून शिकलेले नाही.

माझं स्टेशनरीचं दुकान आहे. आमच्या धंद्यात मे महिन्यात वह्यांचा माल भरायचा आणि जूनमध्ये शाळा उघडल्या की विकायचा. एका वर्षी मे महिन्यात, शुक्रवारी संध्याकाळी, आमच्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. सोमवारी सकाळी मी भरणा घेऊन गेले तर शटर अर्धं खाली, बाहेर पन्नासेक माणसं आणि काचेवर नोटीस. करंट अकाउंटला माझे ३,९०,००० रुपये होते. त्याच बँकेत माझ्या नावावर २,४०,००० ची एफडी, वर साधारण १२,००० व्याज. होलसेलरला दिलेला १,८०,००० चा चेक त्याच आठवड्यात लागणार होता. दुकानातल्या दोन मुलांचा पगार सात तारखेला.

मी BBA केलंय. कॅश फ्लो, लिक्विडिटी हे शब्द पाठ होते. पण सगळे पैसे एकाच बँकेत ठेवू नयेत एवढी साधी गोष्ट मी केली नव्हती.

आधी ओळखा: शाखा बंद झाली की बँक अडचणीत आली?

दारावरचा कागद शांतपणे वाचा. तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

१. शाखा हलवली किंवा दुसऱ्या शाखेत मिसळली. बँकांचं विलीनीकरण झालं की एकाच चौकात एकाच बँकेच्या दोन शाखा होतात आणि मग एक बंद करतात. १ एप्रिल २०१९ ला देना बँक आणि विजया बँक या बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, तर ओरिएंटल आणि युनायटेड बँक पंजाब नॅशनल बँकेत गेली. आपल्याकडे १ मे २०२५ ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक यांची मिळून एक बँक झाली. यात तुमचा एक रुपयाही बुडत नाही. त्रास होतो तो आयएफएससी कोड आणि चेकबुक बदलण्याचा. जुन्या कोडवर गिऱ्हाइकाने पैसे पाठवले की ते परत जातात, आणि जुन्या चेकबुकातला चेक ठरलेल्या तारखेनंतर वटत नाही.

२. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. बँक अजून आहे, परवानाही आहे, पण पैसे काढण्यावर मर्यादा आली. नवीन ठेवी घेता येत नाहीत, नवीन कर्ज देता येत नाही. माझं झालं ते हेच.

३. परवाना रद्द झाला. बँकेचं कामकाज संपलं. आता अवसायक नेमला जाणार आणि ठेवीदारांना विम्याचे पैसे मिळणार.

पहिल्या प्रकारात घाबरून एफडी मोडू नका. मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळतं, बहुतेक बँका दंडही लावतात. शेजारचा म्हणाला म्हणून रांगेत उभं राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर प्रसिद्धिपत्रकं असतात. निर्बंध किंवा परवाना रद्द झाल्याची बातमी तिथे नसेल, तर व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज पुढे पाठवू नका. अफवेने धडधाकट बँकेसमोरही रांग लागते.

आपल्याच राज्यात काय काय झालं

सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येणार होते. मग मर्यादा वाढत वाढत जून २०२० मध्ये १ लाखापर्यंत गेली. मुळात बँकेने दिलेल्या कर्जाचा फार मोठा भाग एकाच बांधकाम समूहाकडे अडकला होता आणि तो लपवून ठेवला होता. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ५ लाखांच्या वर ठेवी असलेल्यांना उरलेले पैसे टप्प्याटप्प्याने, पार दहा वर्षांपर्यंत मिळतील अशी योजना झाली.

पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. म्हणजे नऊ वर्षं लोक वाटच बघत होते.

१३ फेब्रुवारी २०२५ ला मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, आणि सुरुवातीला तर एक रुपयाही काढता येत नव्हता. २७ फेब्रुवारीपासून २५,००० काढायची मुभा मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली आणि ठेवीदार सुटले. इथे सहा महिने, रुपीमध्ये नऊ वर्षं. आपल्या वाट्याला काय येईल ते आधी कोणालाच सांगता येत नाही.

"आमचं खातं मोठ्या खासगी बँकेत आहे," असं म्हणणाऱ्यांसाठी: ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले आणि खातेदाराला ५०,००० ची मर्यादा लागली. १८ मार्चला निर्बंध उठले, ठेवीदारांचे पैसे बुडाले नाहीत. पण फोनपेचे व्यवहार तेव्हा येस बँकेमार्फत चालत होते, त्यामुळे फोनपेच बंद पडलं. ज्या दुकानदाराचं येस बँकेत खातंही नव्हतं, त्याच्याही काउंटरवरचा क्यूआर त्या दिवशी चालला नाही. म्हणून एकाच ॲपच्या भरवशावर गल्ला ठेवू नका.

५ लाखांचा विमा: दुकानदार इथेच चुकतो

बँकेतल्या ठेवींना डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचा विमा असतो. आधी मर्यादा १ लाख होती, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली. बचत, करंट, एफडी, आरडी सगळं यात येतं. हप्ता बँक भरते, तुम्हाला काही भरावं लागत नाही. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं:

- ५ लाख हे प्रत्येक खात्याला नाहीत, एका बँकेतल्या एका ठेवीदाराला आहेत. चार शाखांत चार खाती असली तरी बेरीज एकच.
- यात व्याजही धरतात. ५ लाखांची एफडी आणि १२,००० व्याज असेल, तर मिळणार ५ लाखच.
- प्रोप्रायटरशिपचं खातं आणि तुमचं स्वतःचं खातं एकच धरतात. माझी चूक इथेच झाली. मला वाटलं, दुकानाचं वेगळं, माझं वेगळं. पण दुकानाची मालक मीच! ३,९०,००० अधिक २,४०,००० अधिक १२,००० म्हणजे ६,४२,०००. त्यातले विम्यात बसले ५ लाख. वरचे १,४२,००० अडकले.
- भागीदारी फर्मचं खातं वेगळं धरतात. नवरा-बायकोचं जॉइंट खातंही एकट्याच्या खात्यापासून वेगळं मोजतात.
- त्याच बँकेचं कर्ज असेल तर बँक ते आधी वळतं करून घेऊ शकते. उरलेल्या रकमेवर विमा.
- शेअर्सना विमा नाही. सहकारी बँकेतून कर्ज घेताना आपल्याला सभासद करून शेअर्स देतात. ती ठेव नाही, ते भांडवल आहे.
- पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. हे दोनदा वाचा. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. रोज दुकानात येणारा पिग्मी एजंट कितीही ओळखीचा असला तरी तो बँकेचा की पतसंस्थेचा, हे पावतीवर बघा.

पैसे कधी मिळतात? २०२१ मध्ये कायदा बदलला. निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची. पहिले ४५ दिवस बँकेने ठेवीदारांची यादी द्यायला, पुढचे ४५ दिवस तपासणी आणि पैसे द्यायला. पूर्वी लोक वर्षानुवर्षं थांबायचे, त्या मानाने हे खूप बरं आहे. पण दुकानदारासाठी ९० दिवस म्हणजे अख्खा सीझन. मला ५ लाख मिळाले तेव्हा शाळा सुरू होऊन दोन महिने झाले होते. वह्या विकायचे दिवस गेले होते.

आज करून ठेवायची पाच कामं

१. दुसरं खातं. एक खातं सहकारी बँकेत असेल तर दुसरं सरकारी किंवा मोठ्या खासगी बँकेत. सहकारी बँक सोडा असं मी म्हणत नाही. नवख्या दुकानदाराला ओळखीवर उभं करणारी तीच असते, मलाही पहिलं कर्ज तिथूनच मिळालं. फक्त सगळी अंडी एका टोपलीत नकोत. तुमची सीसी किंवा ओडी असेल तर दुसरीकडे करंट अकाउंट उघडताना कर्जाची माहिती मागतात, ती खरी द्या.

२. पंधरा दिवसांचा खर्च दुसऱ्या खात्यात. पगार, भाडं, लाइट बिल आणि सगळ्यात मोठ्या सप्लायरचं एक बिल. यांची बेरीज करा, तेवढी रक्कम तिथे कायम ठेवा. जीएसटीचे पैसेही तिथेच. बँक बंद होती म्हणून सरकार व्याज सोडत नाही.

३. काउंटरवर दोन क्यूआर. दोन वेगळ्या कंपन्यांचे, दोन वेगळ्या बँकांना जोडलेले. एक रोज वापरा, दुसरा ड्रॉवरमध्ये ठेवा, पण महिन्यातून एकदा चालतो का ते बघा.

४. जीएसटी पोर्टलवर दुसरं खातं आधीच जोडा. ऐनवेळी धावपळ नको.

५. वर्षातून एकदा बँकेचा अहवाल बघा. सहकारी बँकेचे सभासद असाल तर वार्षिक सभेची वही घरी येते. आपण ती रद्दीत टाकतो. त्यात दोन आकडे शोधा. पहिला निव्वळ एनपीए, म्हणजे तरतूद वजा करून उरलेलं थकीत कर्ज. तो ३ टक्क्यांच्या आत असावा आणि दरवर्षी वाढत जाणारा नसावा. दुसरा सीआरएआर, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या भांडवलाचं बळ. छोट्या नागरी बँकांना तो किमान ९ टक्के लागतो, मोठ्यांना १२. अहवाल वेळेवर आला नाही, किंवा बाकीच्या बँकांपेक्षा व्याज फारच जास्त देतायत, तर सभेत उठून विचारा. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे.

आणि तरीही निर्बंध आलेच तर

त्याच दिवशी त्या खात्याचा क्यूआर आणि कार्ड मशीन बंद करा. गिऱ्हाइकांना दुसरा खाते क्रमांक द्या, नाहीतर येणारे पैसे अडकतील किंवा परत जातील.

दिलेल्या चेकची यादी काढा आणि चेक लागायच्या आधी प्रत्येकाला फोन करा. मी होलसेलरच्या शेठना सोमवारी दुपारी फोन केला: "शेठ, चेक टाकू नका, बँक अडकलीय. पैसे बुडवणार नाही, दर आठवड्याला २०,००० देते." ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, तू आधी सांगितलंस म्हणून. अर्धा माल पाठवतो." चेक परत आल्यावर फोन केला असता तर हे उत्तर मिळालं नसतं. त्या अर्ध्या मालावर माझा सीझन निघाला. मुलांचे पगार घरातले दागिने ठेवून दिले, तेही सांगते, कारण ते टाळता आलं असतं.

दुसऱ्या बँकेच्या कर्जाचा हप्ता या खात्यातून जात असेल तर तिथे जाऊन खातं बदला. अडकलेल्या बँकेचंच कर्ज असेल तर हप्ते चालू ठेवा. निर्बंध ठेवींवर असतात, तुमचं कर्ज माफ झालेलं नसतं.

केवायसी पूर्ण करा, विम्यासाठीचा संमतीचा अर्ज भरा, त्यात दुसऱ्या बँकेच्या खात्याचा तपशील द्या आणि पोच घ्या. आमच्या रांगेतल्या कितीतरी आजी-आजोबांचे पैसे फक्त केवायसी जुनं म्हणून लांबले. "इतके टक्के द्या, तुमचे पैसे काढून देतो," म्हणणारा भेटेलच. त्याला चहासुद्धा पाजू नका.

आजचा गृहपाठ

रात्री दुकान वाढवल्यावर एका कागदावर लिहा: कोणत्या बँकेत माझ्या नावावर आणि दुकानाच्या नावावर मिळून किती रुपये आहेत? कुठल्याही बँकेची बेरीज व्याजासकट ५ लाखांच्या वर जात असेल तर त्या आकड्याभोवती गोल करा. आणि खाली एकच प्रश्न लिहा: उद्या सकाळी ही बँक उघडली नाही, तर माझं दुकान किती दिवस चालेल?

उत्तर पंधरा दिवसांपेक्षा कमी आलं तर या आठवड्यात दुसरं खातं उघडा. त्या सोमवारी माझं उत्तर होतं, चार दिवस.