दुरुस्त हृदय आणि पुढील आयुष्य

जन्मतःच हृदयाच्या रचनेत दोष असलेली बालके दर हजार जन्मांमागे सुमारे आठ ते नऊ आढळतात. ज्यांचा दोष गंभीर असे ती पूर्वी बहुधा बालवयातच दगावत. आज प्रगत उपचारांची सोय असलेल्या देशांत अशा व्यक्तींमध्ये बालकांपेक्षा प्रौढांचीच संख्या अधिक आहे. या यशातूनच एक नवा प्रश्न उद्भवला आहे : जी बालके जगली, त्यांचे पुढील आयुष्य कसे जाते?

फॅलोचा चतुर्दोष हे याचे बोधप्रद उदाहरण होय. मार्सेय येथील वैद्य आर्तूर फॅलो यांनी १८८८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. दोन निलयांमधील पडद्यास छिद्र, फुप्फुसांकडे जाणाऱ्या मार्गाचा संकोच, महारोहिणीचे स्थानांतर आणि उजव्या निलयाच्या भिंतीची जाडी, हे ते चार दोष. अशुद्ध रक्त शरीरात मिसळल्याने मूल निळसर दिसते. १९४४ मध्ये बाल्टिमोर येथे ब्लॅलॉक, टॉसिग व थॉमस यांच्या प्रयत्नांनी फुप्फुसांस अधिक रक्त पुरविणारी शस्त्रक्रिया सिद्ध झाली. १९५४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात लिलेहाय यांनी हृदय उघडून संपूर्ण दुरुस्ती केली.

परंतु दुरुस्ती म्हणजे दोषाचा समूळ नाश नव्हे. अरुंद मार्ग रुंद करताना तेथील झडप पुष्कळदा निकामी होते. रक्त उलट वाहून उजवा निलय हळूहळू विस्तारतो. ही क्रिया वीस-तीस वर्षे काहीही त्रास न देता चालू राहू शकते. पुढे थकवा येतो, हृदयाची लय बिघडते, क्वचित आकस्मिक मृत्यूही ओढवतो. वेळीच निदान झाल्यास नवी झडप बसविता येते. २००० सालापासून काही रुग्णांत ती छाती न उघडता शिरेवाटेही बसविली जाते. म्हणूनच, आपण पूर्ण बरे झालो, या समजुतीने तपासणी सोडून देणे हाच येथे मोठा धोका होय. बालरोगतज्ज्ञाकडून प्रौढांच्या तज्ज्ञाकडे जाण्याच्या वयात हा धागा विशेषेकरून तुटतो.

तथापि या प्रौढांचे जीवन दुःखमयच असते, असे मानण्यास आधार नाही. भारतासह १५ देशांतील ४,०२८ प्रौढांच्या पाहणीत त्यांनी आपल्या जीवनमानास एकंदरीत चांगले गुण दिले. ज्यांना काम नव्हते, ज्यांचा विवाह झालेला नव्हता आणि ज्यांची शारीरिक क्षमता घटली होती, त्यांचे गुण मात्र कमी भरले. यावरून दिसते की, स्वास्थ्याचा संबंध केवळ हृदयाशी नसून रोजगार व सहजीवन यांच्याशीही आहे.

लहानपणी छातीवर उमटलेला व्रण लपवून ठेवण्याकडे, विशेषतः विवाहप्रसंगी, कुटुंबांचा कल असतो. ते समजण्याजोगे असले तरी हितकर नाही. चतुर्दोष दुरुस्त झालेल्या बहुतेक स्त्रियांस तज्ज्ञाच्या पूर्वसल्ल्याने मातृत्व शक्य असते. पण सल्ला घ्यावयाचा, तर आपल्या हृदयाचा इतिहास ठाऊक हवा. तो मुलास योग्य वयात समजावून सांगणे आणि शस्त्रक्रियेची कागदपत्रे त्याच्या हाती सोपविणे, हे आईवडिलांचे कर्तव्य शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे आहे.