तळ उकरणारे कोई मासे

साताऱ्यास व सांगलीस आमच्या कित्येक बालमित्रांच्या घरीं कांचेच्या पेटींत रंगीत कोई मासे पाळिले जातात. त्यांचीं पिलें सदैव तळाशीं तोंड खुपसून वाळू उकरितात. तीं उपाशी असावींत असें समजून मुलें अधिक अन्न टाकितात. आणि हीच दया त्यांचा घात करिते.

कोई हा कार्प माशाचाच, जपानांत निगाता प्रांतीं १९ व्या शतकांत निपजविलेला प्रकार होय. तोंडाजवळील चार मिशांनीं तो चिखलांतील किडे चांचपतो, मातीसह घास ओढतो, माती थुंकतो व घशांतील दातांनीं अन्न चुरडतो. त्यास जठर नसतें. म्हणून त्यास एका वेळीं थोडेंच अन्न मानवतें. उरलेलें अन्न तळाशीं कुजतें, त्यांतून अमोनिया निघतो व त्यानें माशाच्या कल्ल्यांस इजा होते.

सारांश, तळ उकरणें हा त्याचा स्वभाव आहे. पर मिटून निश्चळ पडणें, किंवा वर येऊन धापा टाकणें, हीं मात्र दुखण्याचीं चिन्हें होत. तेव्हां अन्न बंद करावें, तळाचा गाळ काढावा व चतुर्थांश पाणी बदलावें. नळाचें पाणी असल्यास तें आदले दिवशीं भरून उघडें ठेविलेलें असावें.

मासा पेटींत मावेनासा झाला, तरी त्यास कृष्णेंत सोडूं नये. तेथेंही तो तळ उकरून पाणी गढूळ करील. मुक्या जीवावर प्रेम करावयाचें, तर आधीं त्याचा स्वभाव जाणावा, हेंच आमचें सांगणें.