गुडघ्याचं ओझं पोटरीवर

आमच्या चौक गावात हौसेनं धावणारा माणूस दिसू लागला तो गेल्या वीसेक वर्षांत. त्याआधी इथं जे धावत ते काहीतरी कारणानं धावत. कुणाला पोलीस भरती असे, कुणाला कबड्डीचा दम टिकवायचा असे. दोन्ही कामं अनवाणी व्हायची, नाहीतर शाळेच्या पांढऱ्या कॅनव्हास बुटांवर. त्या बुटाचा तळ म्हणजे रबराची एक पट्टी, टाच आणि चवडा जवळजवळ एकाच पातळीवर. गुडघा दुखला तर आंबेहळद उगाळून लावत. बुटाला कुणी दोष देत नसे, कारण दोष द्यावा एवढं त्या बुटात काही नव्हतंच.

१५ फेब्रुवारी २००४ ला मुंबईची मॅरेथॉन सुरू झाली आणि टीव्हीवर लोकांना पोट सुटलेली, टक्कल पडलेली, आपल्यासारखीच माणसं धावताना दिसली. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून होती. पण ती केनिया-इथिओपियाच्या लोकांनी पळायची आणि आपण फुटपाथवरून बघायची, असाच समज होता. मुंबईनं तो मोडला. पुढच्या चार-पाच वर्षांत पनवेल-नवी मुंबईला नोकरीला जाणारी इकडची माणसं पहाटे मोरबे धरणाच्या रस्त्याला दिसायला लागली. बँकेतले, कंपनीतले, एखादे हायस्कूलचे सर. वय चाळिशीच्या आसपास, आणि पायात आयुष्यातला पहिला महागडा बूट.

त्या काळातला धावण्याचा बूट म्हणजे जाड टाच. अशी टाच १९७० च्या दशकापासून रूढ झाली. नायकीचा कॉर्टेझ १९७२ चा. हिशेब सरळ होता: हौशी माणूस टाचेवर उतरतो, तर टाचेखाली गादी द्या. पुढे गादीत हवा आली, जेल आलं आणि टाच चवड्यापेक्षा दहा-बारा मिलिमीटर उंच राहणं हाच नियम झाला. १९९० च्या दशकाच्या मध्यावर परदेशी कंपन्या भारतात आल्या तेव्हा हीच घडण घेऊन आल्या.

दुकानात मग पायाची कुंडली मांडली जाई. ओला पाय फरशीवर ठेवा, ठसा बघा. ठसा भरलेला उमटला की पाय सपाट. सपाट पाय आत कलतो. तो कलला की गुडघा पिळतो. म्हणून आतल्या बाजूला कडक फोम घातलेला बूट घ्या. ऐकायला चोख. पण २००९-१० च्या सुमारास अमेरिकेच्या लष्करानं, मरीन दलानं आणि हवाई दलानं हजारो रंगरूटांवर हेच करून पाहिलं. निम्म्यांना तळव्याच्या ठेवणीप्रमाणे बूट दिले, निम्म्यांना सरसकट एकच. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. लक्झेंबर्गमध्ये ३७२ हौशी धावपटूंवर झालेल्या चाचणीत मात्र, जिचा निकाल २०१६ मध्ये आला, पाय खरोखर आत कलणाऱ्यांना अशा बुटांचा फायदा दिसला. म्हणजे कुंडली अगदीच थोतांड नव्हती. ती सगळ्यांच्या पायांत घातली, तिथं गाडी घसरली.

२००९ साली एक अभ्यास आला आणि तो गुडघ्यांवरच बोट ठेवणारा होता. अमेरिकेत डी. केसी केरिगन आणि सहकाऱ्यांनी ६८ निरोगी धावपटूंना ट्रेडमिलवर आधी बूट घालून आणि मग अनवाणी पळवलं. बुटात गुडघा वाकवणारा जोर सरासरी ३६ टक्के जास्त निघाला, आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूवर भार टाकणारा जोर ३८ टक्के. आतली बाजू म्हणजे आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांची झिजते तीच. याचा अर्थ बूट घालून गुडघे मोडतात असा नव्हे. जोर वाढणं वेगळं आणि इजा होणं वेगळं. पण एवढे बारकावे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मावत नाहीत.

त्याच वर्षी ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचं, अनवाणी धावण्याची बाजू घेणारं ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आलं. २०१० च्या जानेवारीत हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की लहानपणापासून अनवाणी धावणारे बहुतेक चवड्यावर किंवा मधल्या तळव्यावर उतरतात, आणि टाचेवर उतरताना बसतो तो पहिला ठोसा त्यांना बसत नाही. इकडे मिलिंद सोमण अनवाणी धावत होते, चाळिशी-पन्नाशीत तसेच देखणे दिसत होते, त्यामुळे पुराव्याची निम्मी गरज तिथंच भागली. शिवाय कविता राऊत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची ही मुलगी लहानपणी अनवाणी धावली आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. आमच्या इथल्या ठाकरवाड्यांवरची पोरं तर आजही डोंगर अनवाणी उतरतात. मग आपल्यालाच बूट कशाला, असा सूर लागला.

हा सूर मला तेव्हाही पटला नव्हता. सावरपाड्याच्या मुलीचा तळवा, घोटा, पोटरी हे सगळं वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासून त्या कामाला लागलेलं असतं. खुर्चीत वीस वर्षं काढलेल्या माणसानं एका रविवारी बूट काढून तिच्यासारखं धावायचं म्हटलं, तर त्याला तिचे पाय कुठून मिळणार? आणि अनवाणी माणसं सगळी चवड्यावरच उतरतात हेही पूर्ण खरं नाही. २०१३ साली उत्तर केनियातल्या, जन्मभर अनवाणी वावरलेल्या दासानाच लोकांची पाहणी झाली. आपल्या सोयीच्या वेगानं धावताना त्यांतले बहुतेक टाचेवर उतरत होते. मोरबे रस्त्यावर जे अनवाणी प्रयोग झाले ते खडीनं आणि पोटऱ्यांनी लवकरच संपवले. पाच बोटांच्या मोज्यांसारखे दिसणारे व्हायब्रमचे बूटही आले आणि गेले. सिद्ध न झालेले फायदे जाहिरातीत सांगितल्याचा दावा अमेरिकेत त्या कंपनीवर झाला. २०१४ मध्ये ३७.५ लाख डॉलर देऊन तो मिटवण्यात आला.

या सगळ्या धांदलीतून हाती एक गोष्ट लागली, आणि माझ्या मते ती या वीस वर्षांची खरी कमाई आहे. धावताना दर पावलाला वजनाच्या दोन-तीन पट जोर जमिनीकडून परत येतो. तो कुठल्यातरी सांध्यानं, कुठल्यातरी स्नायूनं झेलायचाच असतो. टाच उंच असली, पाऊल लांब पडलं, की गुडघा जास्त वाकून तो झेलतो. वाटीच्या मागचा भाग आणि मांडीचा पुढचा स्नायू कामाला लागतो. टाच खाली आली की काम पोटरीवर आणि टाचेच्या वरच्या जाड शिरेवर जातं. डोक्यावरचा हंडा कमरेवर घेतला तरी पाणी तेवढंच असतं, तसं हे. म्हणून ज्यांची वाटी दुखायची त्यांना सपाट बुटानं बरं वाटलं आणि तीनेक आठवड्यांत ते पोटरी धरून बसले. दोन्ही अनुभव खरे होते. भांडण उगाच झालं.

हिशेब करून बघा. किलोमीटरला सात मिनिटं लागणारा माणूस मिनिटाला १६० पावलं टाकत असेल तर एका किलोमीटरला प्रत्येक गुडघा साडेपाचशेच्या वर वेळा वजन झेलतो. दहा किलोमीटरला साडेपाच हजार. यात बुटानं दर खेपेला थोडा भार इकडचा तिकडं केला तरी बेरीज मोठी होते. पण आठवड्याला वीसवरून एकदम चाळीस किलोमीटरवर गेलं तर त्या बेरजेपुढं बुटाचा हिशेब कुठल्या कुठे राहतो. ऑक्टोबरात पाऊस ओसरतो आणि जानेवारीत मुंबई असते. आमच्याकडचे गुडघे दुखतात ते नोव्हेंबर-डिसेंबरात, आणि कारण विचारलं की प्रत्येकजण बुटाकडे बोट दाखवतो. पावलांची गती पाच-दहा टक्क्यांनी वाढवून पाऊल आखूड टाकलं तर गुडघ्यावरचा भार घटतो, हे २०११ साली विस्कॉन्सिनच्या अभ्यासानं दाखवलं. त्याला पैसे पडत नाहीत. कदाचित म्हणूनच त्याची कुणी जाहिरात केली नाही.

टाचेच्या उंचीवरही एक मोठी चाचणी झाली, २०१६ मध्येच, पुन्हा लक्झेंबर्गला. ५५३ हौशी धावपटू, दहा, सहा आणि शून्य मिलिमीटरचे बूट, सहा महिने. एकूण दुखापती सारख्याच. आत डोकावलं तर अधूनमधून धावणाऱ्यांना सपाट बूट मानवले आणि नेमानं धावणाऱ्यांना ते बाधले. चौकात मात्र बरोबर उलटं घडत होतं: सपाट बूट घेणारे ते रोज धावणारे, नवी माणसं जाड टाचेची.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. फ्रान्समध्ये २००९ साली सुरू झालेल्या होकानं पावासारखे जाड तळ आणले आणि बघता बघता सगळ्याच कंपन्यांचे तळ फुगले. २०१७ ला नायकीचा कार्बनची पट्टी घातलेला बूट आला, २०१९ च्या ऑक्टोबरात केनियाचा धावपटू किपचोगे व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर धावला, आणि आमच्यातले पाच तासवालेही त्या बुटांच्या किमती विचारू लागले. गुडघ्यासाठी त्या बुटाचं काही खास कर्तृत्व सिद्ध झालेलं नाही. उलट तो घालणाऱ्या काही जणांच्या पायाच्या मधल्या हाडाला ताणाच्या भेगा गेल्याच्या नोंदी २०२३ मध्ये छापून आल्या.

मऊ तळाची गंमत अशी, की पायाला मऊ लागलं की शरीर आपोआप पाय ताठ ठेवतं. २०१८ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी मोजलं, तर वेगात धावताना जाड बुटात पहिला ठोसा कमी होण्याऐवजी वाढलेला. यावरून जाड बूट वाईट, असा निकाल लागणार तोच लक्झेंबर्गवाल्यांनी ८४८ जणांचा निकाल २०२० मध्ये दिला: कडक तळ घालणाऱ्यांना दुखापतीचा धोका मऊ तळवाल्यांच्या दीडपट. प्रयोगशाळेतला ठोसा आणि सहा महिन्यांतली दुखापत यांचं नातं आपण समजतो तेवढं सरळ नाही.

यातल्या एकाही अभ्यासात चौकचा पावसाळा नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, जूनमध्ये भिजलेला बूट सप्टेंबरपर्यंत पुरता वाळत नाही. काही बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो; त्याला दमट हवेचंच वावडं. कपाटात नवाकोरा ठेवलेला जोड दोन-तीन वर्षांनी बाहेर काढावा आणि चार पावलांत त्याच्या तळाचे गूळ फोडल्यासारखे तुकडे पडावेत, हे इथं नवल नाही. बाकीच्यांचा फोम टिकतो पण गोंद सुटतो, आणि घाईनं चुलीजवळ किंवा हीटरपुढं वाळवला की आणखी लवकर. चौकातला बूट-चपला शिवणारा पुढून तोंड वासलेला सोल दोऱ्यानं टाचून देतो. बूट वापरात राहतो, पण टाचेची बाहेरची कड आधीच तिरकी घासलेली असते आणि तिच्यावर तो काही करत नाही. असा जोड टेबलावर ठेवून मागून बघावा. एक टाच बाहेर कललेली दिसते. तळाच्या बाजूला अंगठा दाबला तर आडव्या बारीक सुरकुत्या हलत नाहीत, फोम मेलेला असतो. पाचशे ते आठशे किलोमीटर हे जे आयुष्य सांगतात ते ढोबळ आहे. इथं ते पाचशेच धरावं.

रस्त्याचंही तसंच. जुना मुंबई-पुणे रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या कडेनं धावायचं, परतताना रस्ता ओलांडून पुन्हा उजव्याच कडेनं. म्हणजे जातानाही उजवा पाय खोलगट बाजूला आणि येतानाही. एकाच गुडघ्याची बाहेरची बाजू दुखते म्हणून तीन-तीन जोड बदललेले लोक मला माहीत आहेत. मोरब्याच्या कमी वर्दळीच्या रस्त्यावर मधून धावता येतं. इर्शाळगडाच्या पायथ्याची चढ-उताराची वाट सगळ्यांत चांगली होती, जरी उतारावर गुडघ्यांची परीक्षाच असे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, त्यानंतर तिकडं व्यायामाला म्हणून जायला मन घेत नाही.

या सगळ्या वर्षांत घरच्यांचं एक वाक्य बदललं नाही: धावून गुडघे झिजतात, गादी गेली की कळेल. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. खुबा आणि गुडघ्याचा संधिवात हौशी धावणाऱ्यांत ३.५ टक्के, न धावणाऱ्यांत १०.२ टक्के, आणि स्पर्धेसाठी झिजणाऱ्यांत १३.३ टक्के. ज्यांचे गुडघे मुळात धड तेच धावत राहतात, हाही त्यातला एक भाग असणार. तरी शेजारच्या काकूंना दाखवायला आकडा बरा आहे.

२०२२ साली वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं बारा चाचण्या, ११ हजारांवर माणसं एकत्र घेऊन पाहिलं आणि अमुक जातीचा बूट दुखापत टाळतो असं म्हणायला भक्कम आधार सापडला नाही. दुकानांत मात्र अजून ठसे घेतले जातात, आता फरशीऐवजी मशीनवर. आमच्यातले जुने लोक दुकानातच दोन चकरा मारतात, पायाला बरा वाटेल तो जोड घेतात, दोन वेगळ्या जोडांवर आलटून पालटून धावतात. आलटापालटीनं दुखापती कमी झाल्याचं लक्झेंबर्गलाच दिसलंय, आणि इथं तर एक वाळेपर्यंत दुसरा लागतोच. वाटी कुरकुरणारे चार ते सहा मिलिमीटरवर उतरलेत, तेही दोन-अडीच महिने लावून. टाचेची शीर धरणारे जुन्या दहावर परत गेलेत. भरतीची पोरं अजून मैदानावर अनवाणीच १६०० मीटर मारतात. त्यांच्या नडग्या दुखतात, गुडघ्याची तक्रार सहसा नसते. चाळिशीचे सर कडेला वॉर्मअप करत त्यांना बुटांबद्दल काहीतरी सांगत असतात, आणि पोरं मान डोलावून पुढच्या फेरीला निघून जातात.