रोगाची मशागत

तुरीचा नवा वाण जाहीर होतो तेव्हा चर्चा दाण्याच्या रंगाची, उताऱ्याची आणि पक्वतेच्या दिवसांची होते. त्यामागचं मुख्य साधन मात्र पाहुण्यांना कौतुकानं दाखवावं असं नसतं, कारण ती मुद्दाम रोगट केलेली जमीन असते. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅटमध्ये आणि जालना जिल्ह्यात बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रावर असे ‘सिक प्लॉट’ राखलेले आहेत. मर लागून वाळलेल्या तुराट्या मुळांसकट तोडून तिथल्या मातीत मिसळायच्या, वर मरीला हटकून बळी पडणारी तूर पेरायची आणि ती मेली की तीही गाडायची. शेतकरी जे जिवापाड टाळतो ते इथे वर्षानुवर्षं निगुतीनं केलं जातं. तुरीत रोगप्रतिकारक वाण निपजले याचं मोठं श्रेय या नासवलेल्या जमिनीला आहे, प्रयोगशाळेतल्या शोधांना त्याखालोखाल, असं माझं म्हणणं आहे.

मर हा फ्युजेरियम उडम या बुरशीचा रोग. बुरशी मुळातून शिरते, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बुजवते आणि पुरेशी ओल असतानाही झाड उभ्याउभ्या वाळतं. खोड उभं चिरलं की आत काळ्या रेघा दिसतात. शेंगा धरण्याआधी मर लागली तर त्या झाडाचं सगळं उत्पन्न जातं, काढणीच्या तोंडावर लागली तर सुमारे 30 टक्के. बुरशी जुन्या धसकटांवर साधारण तीन वर्षं टिकते, पण वावरात ती सगळीकडे सारखी पसरलेली नसते. निवडीतली खरी अडचण हीच आहे. साध्या शेतात हिरवं राहिलेलं झाड रोगाला पुरून उरलं की रोग त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, हे सांगता येत नाही. सिक प्लॉटमध्ये तपासायच्या ओळींच्या अधूनमधून आयसीपी 2376 सारखी मरीला हमखास बळी पडणारी तूर पेरतात. ती जवळजवळ सगळी मेली तरच शेजारच्या जिवंत ओळीला अर्थ येतो. ती जगली, तर त्या वर्षाची चाचणीच बाद.

वांझ रोगाची कथा याहून बोलकी आहे. या रोगात झाड मरत नाही. पानांवर फिकट-हिरवे चट्टे पडतात, झाड झुडपासारखं वाढतं आणि फुलोरा येतच नाही. बिहारमधल्या पुसा येथून 1931 मध्ये त्याची पहिली नोंद झाली. डोळ्यांना न दिसणारी कोळी तो पसरवते हे 1960 च्या दशकात कळलं, पण मागचा विषाणू ओळखायला 2000 साल उजाडलं. तोवर वाण यायचे थांबले होते का? मुळीच नाही. इक्रिसॅटमध्ये य. ल. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात एक साधी युक्ती बसवली होती. रोगट झाडाचं पान कोवळ्या रोपाच्या पानाला स्टेपलरनं टाचायचं. तोडलेलं पान सुकू लागलं की त्यावरची कोळी ताज्या पानावर सरकते आणि रोग घेऊन जाते. अशा रीतीनं हजारो रोपं एकेक करून रोगाला सामोरी नेली गेली. मर आणि वांझ दोन्हींना दाद न देणारी ‘आशा’ 1993 मध्ये प्रसारित झाली, म्हणजे विषाणूची ओळख पटण्याच्या सात वर्षं आधी. शत्रू कोण हे माहीत नसताना त्याला तोंड देणारं झाड निवडता आलं, कारण त्याचा मारा हवा तेव्हा घडवून आणता येत होता.

या पद्धतीची मर्यादाही त्यातच आहे. ज्या रोगाची परीक्षा घेतली त्याचंच उत्तर मिळतं. महाराष्ट्रातल्या एका स्थानिक तुरीतून निवडलेला ‘मारुती’ 1986 मध्ये कर्नाटकात प्रसारित झाला. मरीपुढे तो ताठ उभा राहिला, पण वांझ रोगाला इतका सहज बळी पडतो की आज त्या रोगाच्या चाचण्यांत हमखास आजारी पडणारा वाण म्हणून त्यालाच पेरतात. बदनापूरच्या बीएसएमआर 736 नं दोन्ही रोगांना तोंड दिलं, पण त्याला सहा महिन्यांच्या आसपास लागतात आणि हलक्या जमिनीत तोवर ओल संपते. म्हणून पुढे 150 ते 160 दिवसांत येणारा बीडीएन 711 काढावा लागला.

आता आक्षेप. जनुकांचा काळ आला, मग रोगट वावर कशाला? 2011 च्या अखेरीस तुरीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तोही ‘आशा’चाच. पण डीएनएवरची कुठली खूण प्रतिकाराची, हे ठरवायला त्या खुणेची झाडं जगली की मेली ते पाहावंच लागतं आणि ते दिसतं सिक प्लॉटमध्येच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्वारीत तूर घेतली, फेरपालट केली, बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळला तर मर कमी होते, मग वाणावर एवढा भर का? मर कमी होते हे खरंच आहे आणि ही कामं सोडूही नयेत. पण ज्वारी मागे सरून सोयाबीन आलेल्या गावांत जुनी घडी नुसत्या सल्ल्यानं परत बसत नाही, आणि कोळी तर वाऱ्यावर शेजारच्या बांधावरून येते. तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. रोगकारक जागोजागी बदलतो. पाटणचेरूला टिकलेली तूर बंगळुरूला वांझ होऊ शकते. यावर उत्तर एकच, वेगवेगळ्या प्रदेशांत असे प्लॉट ठेवणं. त्यांचा खर्च दरसालचा असतो आणि उद्घाटन करण्यासारखं तिथे काही नसतं, म्हणून अंदाजपत्रकात कात्री लावायला ते सोपे सापडतात. एकदा मोडलेला प्लॉट पुन्हा सगळीकडे सारखा रोगट करायला अनेक हंगाम जातात.

शेतकऱ्याच्या हातात मात्र नुसतं ‘मर व वांझ रोगास प्रतिकारक’ एवढंच येतं. शिवाय तुरीत मधमाश्यांमुळे परपरागीकरण होतं, त्यामुळे घरचं बी पिढीगणिक भेसळत जातं आणि प्रतिकारही पातळ होतो. बियाणं घेताना म्हणूनच दोन गोष्टी विचारा: हा वाण कुठल्या केंद्राच्या सिक प्लॉटवर तपासला आणि तिथे किती टक्के झाडं मेली. हे आकडे संशोधन केंद्रांच्या दप्तरात असतात; ते पिशवीवर छापायला हवेत.