लिलावातलं जुनं चित्र : सहीआधी पाठ बघा

जुना वाडा किंवा बंगला रिकामा होतो, तेव्हा कपाटं-झुंबरांबरोबर भिंतीवरची चित्रंही लिलावात येतात. कोलकात्याच्या रसेल स्ट्रीटवरचं 'रसेल एक्स्चेंज' १९४० पासून असे लिलाव करत आलं आहे. अशा ठिकाणी चांगलं चित्र खरोखर हाती लागू शकतं. फसगतही तिथेच होते, बहुधा पुढच्या समजुतींमुळे.

गैरसमज १ : सही आहे, म्हणजे चित्र त्याच चित्रकाराचं.

वस्तुस्थिती : सही हा सगळ्यात कच्चा पुरावा. ती मागाहून कोणीही करू शकतं. जुन्या रंगाला गेलेल्या तड्यांमध्ये सहीचा रंग उतरलेला भिंगातून दिसला, तर सही तड्यांनंतरची समजावी. ऐकीव नावाचंही तेच. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं, हाती दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र अनेकांना राजा रविवर्मांचं वाटतं. ते सावळाराम हळदणकरांनी १९४०च्या दशकात जलरंगात रंगवलं. रविवर्मा तर १९०६ मध्येच निवर्तले होते.

गैरसमज २ : चकाकी आणि कॅनव्हासचा पोत दिसला, म्हणजे तैलचित्रच.

वस्तुस्थिती : रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये घाटकोपरला सुरू झाला आणि पुढे मळवलीला हलला. तिथले ओलिओग्राफ महाराष्ट्रातल्या घराघरांत लागले. ओलिओग्राफच्या छपाईत वेगवेगळ्या रंगांसाठी वेगवेगळ्या शिळा वापरत, वर वार्निश चढवत, कधी कॅनव्हासचा पोतही उठवत. भिंगाखाली मात्र ब्रशच्या फटकाऱ्यांऐवजी बारीक ठिपके दिसतात. जुन्या छापांनाही संग्राहक आहेत. पण भाव छापाचा द्यावा, चित्राचा नाही.

गैरसमज ३ : मागच्या बाजूला काय बघायचं?

वस्तुस्थिती : बरीचशी माहिती तिथेच असते. चौकटवाल्याची चिठ्ठी, रंगसाहित्याच्या दुकानाचा शिक्का, प्रदर्शनाचा क्रमांक. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीची चिठ्ठी असेल, तर त्या वर्षाचा कॅटलॉग शोधून क्रमांक आणि शीर्षक ताडून पाहावं. महाराष्ट्रातल्या विस्मरणात गेलेल्या चित्रकारांसाठी 'शिल्पकार चरित्रकोशा'चा दृश्यकला खंड हाताशी ठेवावा. चिठ्ठ्याही बनावट असतात, हे मात्र विसरू नये. जर्मनीतल्या वोल्फगांग बेल्ट्राची याने जुन्या संग्रहाच्या खोट्या चिठ्ठ्या डकवून चित्रं विकली. १९१४चं म्हणून विकलेल्या एका चित्रात टायटॅनियम पांढरा सापडला. हा रंग तेव्हा बाजारातच नव्हता. तिथे त्याचं बिंग फुटलं.

गैरसमज ४ : नामवंत संस्थेने मांडलं, मग शंका कशाला?

वस्तुस्थिती : २०११ मध्ये कोलकात्याच्या सरकारी कला महाविद्यालयात रवींद्रनाथांची म्हणून मांडलेली चित्रं पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी बनावट ठरवली. कॅटलॉगची भाषाही नीट वाचावी. 'अमक्याचं', 'अमक्याचं मानलं जाणारं' आणि 'अमक्याच्या शैलीतलं' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. स्थानिक लिलावात माल सहसा 'आहे त्या स्थितीत' विकतात, म्हणजे चौकशीची जबाबदारी तुमची.

गैरसमज ५ : हातोडा पडला, तोच भाव.

वस्तुस्थिती : त्यावर लिलावगृहाचं खरेदीदार शुल्क आणि कर चढतो. क्रिस्टीजच्या २०१३च्या मुंबईतल्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांच्या चित्राची बोली २०.५ कोटींवर थांबली. शुल्क धरून आकडा २३.७ कोटी झाला. शुल्काचा दर बोलीआधी विचारा आणि वाहतूक, दुरुस्ती, चौकट यांचा खर्चही मनात धरा.

गैरसमज ६ : पैसे मोजले, आता चित्राचं काहीही करता येईल.

वस्तुस्थिती : चित्र विकत घेतल्याने कॉपीराइट मिळत नाही. चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं तो त्याच्या वारसांकडे किंवा ज्यांना दिला असेल त्यांच्याकडे राहतो. त्यांच्या परवानगीशिवाय कॅलेंडर छापता येत नाही. शिवाय १९७२च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यामुळे रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा काही चित्रकारांच्या कलाकृती भारतात विकता येतात, पण परदेशी पाठवता येत नाहीत. शंभर वर्षांहून जुन्या चित्रांनाही निर्यातबंदी लागू होते. परदेशातल्या मुलांकडे चित्र धाडायचं असेल, तर हे आधी तपासा.

बोलीच्या आधी चित्रं पाहायला ठेवतात, त्या दिवशी भिंग, टॉर्च आणि मोजपट्टी घेऊन जा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, चित्र कोणाच्या घरून आलं ते विचारा आणि आकडा घरीच ठरवा. नावाचा पुरावा मिळाला नाही, तर निनावी चित्राला जेवढे द्याल तेवढेच द्या.