नाष्टा करून आलास का?

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. दुबलगुंडीत मी सकाळी शाळेच्या आधी, घरीच मुलांची शिकवणी घेत असे. लंडनच्या भाचीने फोनवर सांगितले, तिकडे मुलांच्या खाण्यापिण्याची देशोदेशी पाहणी होते. मला हुरूप आला. दुसऱ्याच दिवशी मुलांना बिननावाच्या चिठ्ठ्या दिल्या आणि विचारले, “नाष्टा करून आलास का?” निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर ‘नाही’!

रविवारी आयांना बोलावून मी चांगलेच सुनावले. “तिकडच्या आया बघा,” असेही म्हणाले. सगळ्या माना खाली घालून बसल्या. एक मात्र बोलली, “बाई, लेकरू चहा-भाकर खाऊनच येतं की. नाष्टा म्हंजे पोहे-उपीट. ते आमच्याकडं रोज कुठलं?”

मी ओशाळले. चूक आयांची नव्हती, माझ्या प्रश्नाची होती. आमच्या या भागात एका घरी मराठी, शेजारी कन्नड, पलीकडे दख्खनी. कन्नड घरातले पोर सकाळी रोट्टी-पल्या खाऊन आले, तर ‘ऊटा’ झाले म्हणेल, ‘तिंडी’ नाही म्हणेल. गावात ही गत, तर देशादेशांत काय होत असेल?

भाची म्हणत होती ती पाहणी इंग्लंड, फिनलंड आणि नॉर्वेच्या संशोधकांनी 1982 मध्ये सुरू केली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेची साथ मिळाली. दर चार वर्षांनी 11, 13 आणि 15 वर्षांच्या मुलांना विचारतात. 2021-22 च्या फेरीत 44 देश-प्रदेशांतली सुमारे 2 लाख 80 हजार मुले होती. त्यांनी न्याहारीची व्याख्याच करून ठेवली आहे : नुसत्या पेलाभर दुधाहून किंवा फळांच्या रसाहून जास्त काही. म्हणजे 2013 पासून आपल्या कर्नाटकात ‘क्षीरभाग्य’ योजनेत शाळेत मिळू लागलेले दूध एकटे त्यात धरले जाणार नाही, भाकरी मात्र धरली जाईल! शिवाय प्रश्नाचे भाषांतर झाले, की दुसऱ्याकडून ते परत इंग्रजीत करवून घेतात. अर्थ बदलला असेल तर तिथेच सापडतो.

वयही तेच हवे. अकरा वर्षांचे पोर आई सांगेल ते खाते, पंधराचे आपल्या मनाने वागते. एका देशातली लहान आणि दुसऱ्यातली मोठी मुले मोजली, तर तुलना वयाची होते, देशाची नव्हे.

आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. पण एका पातेल्यातले शीत दुसऱ्या पातेल्याचे सांगत नाही. एका वर्गातली तीस मुले एकाच गल्लीतली, एकाच वळणाची. तीस गावांतली तीस मुले जास्त सांगून जातात. म्हणून आकडेतज्ज्ञ पुष्कळ शाळांतून वर्ग निवडतात, वर्गातल्या सारखेपणाचा हिशेब धरतात आणि आकड्यापुढे ‘इतका कमी-जास्त असू शकेल’ असे लिहितात. दोन देशांत थोडाच फरक असेल, तर तो केवळ योगायोगाचाही असतो.

भारतातही जागतिक आरोग्य संघटनेची शालेय पाहणी 2007 मध्ये झाली, पण ती सीबीएसई शाळांमधली. त्यावरून आमच्या दुबलगुंडीच्या पोरांबद्दल काय बोलणार?

मी पुन्हा चिठ्ठ्या वाटल्या. या वेळी लिहिले : “सकाळी उठल्यापासून इथे येईपर्यंत काय काय खाल्लेस?” भाकरी, चटणी, रात्रीचा भात, चहा-पाव, सगळे आले. पण चार-पाच चिठ्ठ्यांवर होते, ‘काही नाही’. पहिल्या ‘नाही’च्या गर्दीत ही खरी उपाशी लेकरे मला दिसलीच नव्हती.

चिठ्ठ्या बिननावाच्या, कुणाच्या ते शोधायचे नव्हते. दुसऱ्या दिवसापासून दाराशी भाजलेले शेंगदाणे आणि गूळ ठेवू लागले. ज्याला हवे त्याने घ्यावे. डबा रोज रिकामा व्हायचा.

मैत्रिणींनो, ‘त्यांची मुले बघा, आपली बघा’ असे म्हणण्याआधी एवढे जरूर विचारा : प्रश्न दोघांना सारखाच कळला होता का?