अंगणातल्या नळाची गळती

अंगणातला नळ ठिबकू लागला की बहुतेक घरांत चावी आणखी जोराने आवळली जाते. ठिबक चार दिवस थांबते आणि मग वाढते, कारण पाणी अडवणारा भागच त्या जोराने आणखी झिजतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी पाणी नेमके कुठून येते हे पाहावे. नळ कोरडा पुसून पाहिला की ते लगेच कळते. बंद नळाच्या तोंडातून थेंब पडत असतील तर आतला वायसर गेलेला असतो. नळ चालू असताना चावीच्या बुडाशी पाणी येत असेल तर दोष ग्लँडचा, म्हणजे चावीच्या दांड्याभोवतीच्या भरणाचा. भिंतीला जोडल्या जागी ओल असेल तर आटे सैल झालेले असतात. नळ कोरडा आणि खालची जमीन मात्र कायम ओली असेल तर गळती पुरलेल्या पाइपात असते.

गळती किती मोठी आहे हे मोजणेही सोपे आहे. नळाखाली तासभर भांडे ठेवावे. तासाला एक लिटर पाणी जमले तर दिवसाला २४ आणि महिन्याला ७२० लिटर वाया जाते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. म्हणजे एका माणसाच्या जवळजवळ निम्म्या वाट्याचे पाणी त्या एका तोटीतून जमिनीत जाते.

नेहमीचा पितळी नळ आट्यांवर चालतो. चावी फिरवली की दांडा खाली उतरतो आणि त्याच्या टोकाची रबरी चकती, म्हणजे वायसर, पितळी बैठकीवर दाबून बसते. इंग्लंडमधील रॉदरहॅम येथे १८४५ च्या सुमारास हा प्रकार प्रचारात आला आणि त्याची मूळ रचना अजून तीच आहे. पूर्वी वायसर चामड्याचा असे, आता रबराचा किंवा नायलॉनचा मिळतो. बाहेरच्या नळाचा वायसर लवकर जातो, त्यात आपल्या पाणीपुरवठ्याचाही हात आहे. पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर दर वेळी पाइपातला गंज आणि वाळू पहिल्या लोटाबरोबर नळात येते. एक कण बैठकीवर अडकला आणि त्यावर चावी आवळली की रबरात खाच पडते.

वायसर बदलण्यासाठी आधी त्या ओळीचा कॉक बंद करावा. कॉक नसेल तर टाकीचा व्हॉल्व बंद करावा, आणि जोडणी थेट नगरपालिकेच्या लाइनवर असेल तर मीटरजवळचा. मग नळ अर्धा उघडून पाइपातले पाणी सोडून द्यावे. नळ तसाच अर्धा उघडा ठेवला म्हणजे वरचे डोके काढताना वायसर बैठकीवर दाबला जात नाही. त्यानंतर चावी काढून डोक्याच्या षटकोनी भागावर पाना लावायचा आणि डावीकडे फिरवायचा. या वेळी दुसऱ्या पान्याने नळाचे अंग घट्ट धरलेच पाहिजे. तसे केले नाही तर भिंतीतला गंजलेला जीआय पाइप पिळवटतो, आणि दोन-पाच रुपयांच्या वायसरपायी भिंत फोडावी लागते. दुरुस्तीत सर्वाधिक नुकसान होते ते इथेच.

डोके निघाले की जुना वायसर दुकानात नेऊन त्याच मापाचा आणावा. घरगुती नळ बहुधा अर्ध्या इंचाचे असले तरी वायसरच्या जाडीत फरक असतो. नवा बसवण्याआधी बैठकीवरून बोट फिरवून पाहावे. ती गुळगुळीत लागली तर काम झाले. खाच लागली तर नवा वायसरही काही दिवसांतच कापला जाईल. बैठक घासून सपाट करण्याचे हत्यार कारागिराकडे असते, पण खाच खोल असेल तर नवा नळ घेणे शहाणपणाचे. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत वायसरऐवजी चिनी मातीच्या दोन चकत्या असतात. त्यांवर ओरखडा पडला तर आतला पूर्ण संचच बदलावा लागतो.

ग्लँडची गळती सर्वांत सोपी. चावीखालची ग्लँडची नट पान्याने थोडी, पाव फेऱ्याहून कमी, आवळून पाहावी. तेवढ्याने थांबले नाही तर नट काढून दांड्याभोवतीचे जुने भरण खरवडावे आणि ग्रीस लावलेला सुती दोरा किंवा पीळ दिलेली टेफ्लॉन टेप भरावी. नट इतकीच आवळावी की चावी हलक्या हाताने फिरेल.

आट्यांतली गळती बहुतेक वेळा वापरातून येते. तोंडावर भरलेली बादली अडकवणे, बागेची नळी ओढणे, यांनी नळ हळूहळू सैल होतो. तो काढून आट्यांतला जुना सफेदा आणि गंज ब्रशने साफ करावा. टेफ्लॉन टेप नळ ज्या दिशेने आवळला जाणार त्याच दिशेने, सात-आठ वेढे, ताणून गुंडाळावी. टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवावा, म्हणजे टेपचे तुकडे पाण्यात जात नाहीत. नळ सरळ येईपर्यंत आवळावा. जास्त फिरला म्हणून मागे घेतला तर टेपची पकड सुटते, आणि टेप काढून पुन्हा गुंडाळावी लागते. प्लास्टिकच्या जोडाला जोर कमी लावावा, तो तडकतो.

जमिनीखालची गळती मात्र दुर्लक्ष करण्याजोगी कधीच नसते. पाणी बंद असते त्या वेळी रिकाम्या पाइपात पोकळी तयार होते आणि त्याच भोकातून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. जवळ गटार किंवा शोषखड्डा असेल तर पुढच्या वेळी तेच पाणी घरात येते. ओळखण्यासाठी पाण्याच्या वेळेत घरातले सर्व नळ आणि टाकीत जाणारे पाणी बंद करून मीटर पाहावा. काटा फिरत असेल तर मीटरनंतरच्या पाइपात कुठेतरी पाणी जात आहे. असा पाइप उघडून त्याचा खराब तुकडा बदलावा. त्यावर रबर किंवा कापड गुंडाळून तात्पुरती सोय होते, पण आत ओढली जाणारी घाण त्याने खात्रीने थांबत नाही. गळती मीटरच्या अलीकडे, रस्त्याकडच्या भागात असेल तर नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवावे.

काम झाल्यावर कॉक एकदम न उघडता हळू उघडावा आणि नळ उघडा ठेवून मोकळा झालेला गंज वाहून जाऊ द्यावा. मग नळ बेताने बंद करून प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहावा. पाण्याचा दाब सर्वाधिक असतो त्या वेळी, म्हणजे पुढच्या पाळीचे पाणी आल्यावर, हीच तपासणी पुन्हा करावी.